उघडा आठ

पोलीस चौकीच्या दारात कोंबडी बसली होती.
तिला उठवायला कोणी तयार नव्हतं,
सगळे वळसा घालून आत जात होते.
मीही गेलो.
वय एकोणसाठ. हातात घरचं लायसन्स,
प्लास्टिक पिवळं पडलेलं, फोटोत दाट केस.

मुलगी रारोटोंगाच्या शाळेत विज्ञान शिकवते.
ती कामावर, मी दिवसभर व्हरांड्यात
अंगणातल्या दोन थडग्यांसमोर पेपर वाचत.
(घरमालकाचे आजोबा-आजी. इथे असंच पुरतात, घरासमोर.)
चौथ्या दिवशी म्हटलं, स्कूटर घेऊ.

भाड्याच्या दुकानातला तेओकोताइ किल्ली देईना.
'आधी चौकीतून परवाना.
एक पाहुणा असाच गेला, परवान्याशिवाय,
नारळाला धडकला. मांडीचं हाड.
विमा कंपनीने एकच प्रश्न विचारला
आणि फाइल मिटली.
नारळ अजून उभा आहे, बघून या.'

कॉन्स्टेबल न्गामेतुआ. कानामागे पांढरं फूल,
टेबलावर रबरी शिक्के आणि अर्धी पपई.
लायसन्स उजेडात धरलं, उलटं, सुलटं.
'हे मोटारीचं.'
मी म्हणालो, बाई, तीस वर्षं स्कूटर चालवतोय,
पुढे मुलगी उभी, मागे बायको,
मध्ये गॅसचा सिलिंडर.
'असेल,' ती म्हणाली. 'पण कागदावर कुठे आहे?'

आता कागदाचं म्हणाल तर,
तो चौऱ्याण्णव साली सोनटक्के एजंटाने
साडेतीनशे रुपयांत घरपोच दिलेला.
परीक्षेच्या तारखेला मी ऑफिसात होतो,
मस्टरवर सही सापडेल.
हे तिला सांगितलं नाही.
कोणालाच नाही सांगितलं आजवर;
कोणी विचारलंच नव्हतं.

लेखी परीक्षा. गोल चौकात आधी कोणी जायचं?
आमच्याकडे ज्याची गाडी मोठी त्याने.
ते उत्तर पर्यायांत नव्हतं.
अंदाजाने खूण केली. बरोबर निघाली.

मग मागच्या मैदानात.
पलीकडे खाडीचं पाणी, हिरवट, बशीतल्यासारखं स्थिर.
तिने चपलेच्या टोकाने वाळूत आठ काढला:
दोन वर्तुळं, एकमेकांच्या खांद्यावर.
'यावरून जायचं. पाय टेकला की नापास.'

माझ्या पाटीवरचा आठ असा नव्हता.
तो एका बाजूने उघडा,
निघतो तिथे परत येत नाही.
मी तसाच गेलो, सरळ पाण्याच्या दिशेने,
आणि पाय टेकला.
उलट्या फेरीची बस बघत बसलेल्या तीन म्हाताऱ्या
टोप्यांआडून हसल्या.
(इथे बसचे मार्ग दोनच:
घड्याळाच्या काट्याप्रमाणे, आणि उलट.)

दुसऱ्यांदा प्लास्टिकचा शंकू पाडला.
पाडायचा नाही म्हणून त्याच्याकडेच बघत होतो.
'बघाल तिकडे जाल,' न्गामेतुआ म्हणाली,
आवाज चढवला नाही. 'जायचंय तिकडे बघा.'
एकोणसाठाव्या वर्षी
भर उन्हात, नातवाच्या वयाच्या हेल्मेटमध्ये
माझे कान गरम झाले.

तिसऱ्यांदा मी वर बघितलं.
डोंगर, ढग, मग म्हाताऱ्या, मग परत डोंगर,
स्कूटर खाली आपली आपण वळत होती
आणि जिथून निघालो तिथे
आठ मिटला.
म्हाताऱ्यांची बस येऊन उभी होती.
त्या चढल्या नव्हत्या.

फोटो काढताना न्गामेतुआने
स्वतःचं फूल माझ्या कानामागे खोचलं.
परवाना याच बेटापुरता.
म्हणजे एकच रस्ता, बत्तीस किलोमीटर,
गोल, शून्यासारखा.
तो सगळा हळू फिरून आलो, डाव्या बाजूने,
डुकराच्या पिलाला वाट देत.
कोंबडी अजून दारातच.

रात्री बायकोला फोन लावला.
म्हटलं, पास झालो.
तिला वाटलं रक्ताच्या तपासणीचं.
म्हणाली, देव पावला. साखर किती आली?